थोरलीचं तेल

थेंबकाकांना थेंबकाका हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला शोधून बक्षीस द्यायला हवं. हा माणूस बत्तीस वर्षं एकाच डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. खिडकीमागे उभं राहून औषधाच्या बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवायची, "दिवसातून तीनदा, जेवणानंतर, बाटली हलवून" असं बजावायचं, आणि पेशंटने मान डोलावली की विचारायचं, "काय सांगितलं? म्हणून दाखवा." म्हणून दाखवल्याशिवाय बाटली हातातून सुटायची नाही. कानात घालायचे थेंब तर ते स्वतः घालून दाखवत आणि मोठ्याने मोजत. चार म्हणजे चार. पाचवा पडला तर कान पुसून पुन्हा पहिल्यापासून.

दवाखाना बंद होऊन दहा वर्षं झाली. डॉक्टर मुलाकडे राहायला गेले, खिडकीला फळ्या लागल्या, पण काकांची मोजायची खोड काही गेली नाही. चहात साखर घालतानाही चमचा भरून वरून बोटाने सपाट करणार. त्यांची एकुलती एक लेक वजन-मापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक म्हणून लागली, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "हिची परीक्षा कशाला घेतली? हिचं सगळं शिक्षण घरीच झालंय."

घरात माणसं दोनच, काका आणि काकू. तिसरी थोरली. थोरली म्हणजे काकांची मोटरसायकल. मूळची डॉक्टरांची. त्यांनी चारचाकी घेतली तेव्हा ती कंपाउंडरकडे आली आणि त्यानंतर वर्षभराने काकांचं लग्न झालं. काकू उंबरा ओलांडून आत आल्या तेव्हा ही बया आधीच अंगणात ऐटीत उभी होती. तेव्हापासून काकू तिला थोरली म्हणतात. "मी धाकटी," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "आधी थोरलीचं तेलपाणी, मग उरलं तर माझ्याकडे लक्ष." काका यावर नुसते हसत. खरं बोलणाऱ्या माणसाला उत्तर काय देणार?

थोरलीला कामही होतं. दर बुधवारी काका तिच्यावर बसून अकरा घरं करत. दवाखान्याचे जुने पेशंट आता ऐंशीच्या आसपास पोचले होते. कोणाला दिसत नव्हतं, कोणाचा हात थरथरत होता. काका प्रत्येकाची आठवड्याची गोळ्यांची डबी भरून देत. सात कप्पे, सात दिवस. बीपी बघत, कानात मळ असेल तर धुऊन देत, आणि निघताना विचारत, "पांढरी कधी? गुलाबी कधी? म्हणून दाखवा." ही अकरा घरं गावाच्या अकरा टोकांना होती. पायी करायची म्हटलं तर बुधवारी निघालेले काका शनिवारी परतले असते.

आणि रविवार थोरलीचा. सकाळी सातला तेलाची तपासणी. ती त्यांना जुन्या उस्तादाने शिकवली होती. उस्ताद म्हणजे ज्याने ही गाडी तिच्या तरुणपणापासून सांभाळली तो मेकॅनिक. तो आता या जगात नाही. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करायची. सुरू करून पाच मिनिटं चालू द्यायची. बंद करून दोन मिनिटं थांबायचं. मग सीटखाली जी तेलाची वेगळी टाकी आहे तिचं टोपण काढायचं, टोपणाला जोडलेली पट्टी फडक्याने पुसायची, परत आत घालायची आणि बाहेर काढून बघायची. पट्टीवर दोन रेघा असतात. तेल दोन्हींच्या मधे लागलेलं दिसलं की झालं.

"आधी चालव, मग बघ," उस्ताद म्हणे. का, ते त्याने सांगितलं नाही. आणि बत्तीस वर्षं लोकांना प्रत्येक गोळीचं 'का' समजावून सांगणाऱ्या काकांनी ते कधी विचारलं नाही. तेल जरा गरम व्हावं म्हणून असेल, असा त्यांनी आपला समज करून घेतला. समज चुकीचा होता पण कृती बरोबर होती, त्यामुळे चाळीस वर्षं सगळं सुरळीत चाललं.

मग शेजारच्या घरात बाळ आलं.

आठवड्याभरात काकूंनी विषय काढला. "अहो, शेजारी तान्हं पोर झोपलेलं असतं. रविवारी सकाळी सातला तो धडधडाट करू नका. माणसाने जरा विचार करावा."

काका लगेच वरमले. या गल्लीतल्या निम्म्या पोरांना पहिलं जंताचं औषध त्यांनी पाजलेलं. पोरांच्या बाबतीत त्यांचं काळीज लोण्याचं. "खरंच की," ते म्हणाले. "नाही करत सुरू. तेल गार असताना बघितलं म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?"

त्या रविवारी त्यांनी गाडी सुरू न करताच टोपण काढलं, पट्टी पुसली, आत घातली, बाहेर काढली. पट्टी कोरडी. वरच्या रेघेला नाही, खालच्या रेघेला नाही, टोकालाही तेल नाही. काकांनी गुडघ्यांवर बसून गाडीखाली बघितलं. फरशी स्वच्छ, एक डाग नाही. म्हणजे गळती नव्हती. मग तेल गेलं कुठे?

दुसरा कोणी असता तर त्याने अर्धा डबा ओतून पट्टी ओली केली असती. पण हे कंपाउंडर पडले. अशक्त पेशंटला एकदम मोठा डोस द्यायचा नसतो. त्यांनी दवाखान्यातला काचेचा मापाचा ग्लास काढला, डोळ्यांसमोर धरून बरोबर शंभर मिली तेल मोजलं आणि ते थोरलीला पाजलं. पुढच्या रविवारी पुन्हा पट्टी कोरडी. पुन्हा शंभर. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. असे सहा रविवार गेले, आणि काकांनी भिंतीवर पेशंटच्या तापाचा करतात तसा तक्ता करून त्यात सहा ठिपके मांडले.

तिसऱ्या आठवड्यापासून थोरली धूर सोडू लागली. साधासुधा नाही, निळसर, दाट, अख्खी गल्ली खोकेल असा. समोरचा न्हावी दुकानातून ओरडला, "काका, दर बुधवारी या! डास पार नाहीसे झाले!" बायकांनी वाळत घातलेले कपडे ओढून आत नेले. चौथ्या आठवड्यात गाडीच्या मागच्या बाजूने तेलाचे शिंतोडे उडायला लागले. आणि सहाव्या आठवड्यात वाचनालयाच्या वळणावर, तेल लागून गुळगुळीत झालेलं मागचं चाक घसरलं आणि काका गाडीसकट आडवे झाले. वेग कमी होता म्हणून गुडघ्याच्या सालटावर निभावलं.

त्या संध्याकाळी लेक आली. ती दार लोटूनच आत आली. "बाबा, गुडघा दाखवा."

"काही नाही गं, खरचटलंय."

"किती?"

"दोन सेंटिमीटर बाय चार." काका खोटं माप सांगूच शकत नव्हते.

लेकीने खुर्ची ओढली. रस्त्यावरच्या दुकानदारांना घाम फुटावा असा तिचा चेहरा झाला होता. "बाबा, मागच्या चाकावर तेल येतंय. आज हळू होतात. उद्या मागून ट्रक असला तर? तेव्हा मी काय करू ते सांगा." तिचा आवाज जरा हलला, आणि काकांना गुडघ्यापेक्षा ते जास्त लागलं. "मेकॅनिकला दाखवू. तो म्हणेल ते शेवटचं. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले.

मेकॅनिक नव्या जमान्यातला. त्याच्या गॅरेजमधल्या गाड्यांना इंजिनाच्या पोटालाच तेल बघायची काचेची खिडकी असते. वाकायचं, बघायचं, विषय संपला. त्याने थोरली सुरू केली, धूर बघितला, दोन पावलं मागे गेला. "काका, तेल किती घालता?"

काकांनी तक्ता पुढे केला. मेकॅनिक त्या तक्त्यावर खूश झाला. "वा! आठवड्याला शंभर. स्पष्टच आहे. गाडी तेल पितेय. आतून झिजलीय. खोलावी लागेल, आणि खोलून फायदा नाही, हिचे पार्ट आता मिळत नाहीत. आराम द्या तिला, काका."

इतका व्यवस्थित तक्ता नसता तर कदाचित त्याने स्वतः एकदा पट्टी काढून बघितली असती. पण काकांच्या नीटनेटकेपणाने काकांचाच घात केला.

थोरलीचा आराम कसा असणार तेही ठरलं. चौकात नवीन हॉटेल झालं होतं. त्याचा मालक कधीपासून मागे लागला होता. त्याला मोटरसायकल दर्शनी काचेमागे उभी करायची होती, भोवती रंगीत दिव्यांची माळ. "लोक फोटो काढतील, काका! पेट्रोलच्या टाकीत माती भरून फुलझाड लावू!" पण काकांनी लेकीला शब्द दिला होता. गुरुवारी सकाळी दहाला हॉटेलवाला टेंपो घेऊन येणार होता.

बुधवार शेवटचा. लेकीने अट घातली: मागचं चाक साबणाच्या पाण्याने धुऊन जायचं आणि सायकलच्या वेगाने चालवायची. काका निघाले. घरोघरी डबी भरायची आणि मग सांगायचं, "पुढच्या बुधवारपासून मला जमणार नाही." दहा घरांत त्यांनी हे दहा वेळा सांगितलं आणि एकदाही आवाज सरळ राहिला नाही. एका शिंपीआजोबांनी डबी हातात घेऊन विचारलं, "मग पांढरी आणि गुलाबी कोण सांगणार?" काकांनी सांगितलं, तुमचा मुलगा फोनवर सांगेल. आजोबा म्हणाले, "तो रंग सांगेल रे, पण मला दिसतंय कुठे?" काकांनी गुलाबीच्या कप्प्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून दिला, बोटाला कळावा म्हणून, आणि डोळे पुसत बाहेर आले.

अकरावं घर मुख्याध्यापिका बाईंचं. बाईंनी सदतीस वर्षं गणित शिकवलं होतं. आता वॉकर धरून चालत. पण मान अजून वर्गात शिरल्यासारखी ताठ. स्वतः येऊन दार उघडलं, खुर्चीपर्यंत गेल्या, धाडकन बसल्या आणि दंड पुढे केला. "मोजा."

"पाच मिनिटं थांबा, बाई," काका म्हणाले. हे ते दर बुधवारी म्हणत. "आत्ताच चालत आलात. आत्ता बीपी मोजलं तर आकडा चुकीचा येईल."

"आकडा चुकीचा कसा येईल?" हेही बाई दर बुधवारी विचारत. "यंत्र तेच, दंड तोच."

"आकडा बरोबरच असतो. मोजायची वेळ चुकीची असते. रक्त आधी जागेवर येऊ द्या, मग..."

काकांच्या हातातला पट्टा तसाच राहिला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "वाक्य पूर्ण करा."

काका त्यांच्याकडे बघत होते, पण त्यांना बाई दिसत नव्हत्या. त्यांना उस्ताद दिसत होता, काळ्या बोटाने टोपण फिरवताना. आधी चालव, मग बघ.

"बाई," ते हळूच म्हणाले, "एखाद्या गाडीचं तेल इंजिनात नसतं, बाजूला वेगळ्या टाकीत असतं. गाडी चालू असली की पंप ते सगळीकडे फिरवून परत टाकीत आणतो. आता गाडी बुधवारपासून रविवारपर्यंत उभी आहे. तेल कुठे असेल?"

"पंप बंद?"

"बंद."

"टाकी वर की इंजिन वर?"

"टाकी वर."

"मग झिरपून खाली उतरलं असेल. यात काय विचारायचं? हे चौथीतलं पोर सांगेल." बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "टाकी रिकामी दिसेल आणि तेल सगळं इंजिनात असेल. कमी झालेलं नाही, नुसती जागा बदलली. तुम्ही त्यात आणखी घातलंत की काय?"

"सहाशे मिली," काका म्हणाले आणि कपाळाला हात लावून मटकन खाली बसले.

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. "उठा आता. बीपी नंतर."

बाईंच्या दारापुढे सपाट फरशीचा ओटा होता. काकांनी थोरली त्यावर चढवून मधल्या स्टँडवर घेतली. सुरू केली. पाच मिनिटं चालू दिली. ओटाभर धूर झाला आणि बाई वॉकरला धरून त्या धुरात निवांत उभ्या राहिल्या. गाडी बंद केली, दोन मिनिटं थांबले, टोपण काढलं, पट्टी पुसली, आत घातली, बाहेर काढली. तेल वरच्या रेघेच्या वर, चांगलं दोन बोटं वर, पार टोपणाला टेकायला आलेलं. गेले चार आठवडे बिचारी थोरली पोट फुटेस्तोवर भरलेली होती आणि जास्तीचं तेल मिळेल त्या भोकातून बाहेर फेकत होती. आणि काका तिला दर रविवारी मायेने आणखी पाजत होते.

काढायचं कसं हा प्रश्न कंपाउंडरला पडत नाही. पिशवीत कान धुवायची पितळी पिचकारी होती, एका वेळी पन्नास मिलीची. बीपीच्या यंत्राची सुटी रबरी नळी होती. बाईंनी रिकामी काचेची बरणी दिली. काकांनी नळी पिचकारीला जोडली, टाकीत सोडली आणि दांडा ओढला. काळंभोर तेल वर आलं.

"एक," काका म्हणाले.

"मी मोजते," बाईंनी ठणकावलं. "तुम्ही ओढा. मोजणारा आणि ओढणारा वेगळे असले की चूक होत नाही. एक!"

सहाव्या पिचकारीनंतर पट्टी बघितली, अजून वरच. आठव्याला रेघेला टेकलं. "दहा!" बाईंनी पुकारलं, तेव्हा तेल दोन रेघांच्या बरोबर मधे होतं. बरणीत पाचशे मिली. सहाशेतले शंभर कुठे गेले ते मागच्या चाकाला आणि न्हाव्याच्या डासांना ठाऊक. काकांनी गाडी परत पाच मिनिटं चालवली, परत पट्टी बघितली. पुन्हा मधोमध. त्यांनी धुराड्यावर आणि चाकावर उडालेलं तेल पुसून काढलं, आणि त्यांच्या जिवात जीव आला.

"काय करायचं असतं?" बाईंनी विचारलं.

"आधी चालवायची, मग बघायचं."

"का?"

"तेल जागेवर यावं म्हणून."

"पुढच्या बुधवारी पुन्हा विचारीन," बाई म्हणाल्या आणि दंड पुढे केला.

गुरुवारी सकाळी दहाला अंगणात गर्दी झाली. हॉटेलवाला टेंपो घेऊन आला आणि काचेमागे गाडी बसते का ते बघायला टेपने थोरलीची लांबी मोजू लागला. लेक ऑफिसला जायच्या आधी आली होती. काकू दारात उभ्या. शेजारची बाई बाळाला खांद्यावर टाकून कठड्यापाशी आली. काकांनी लेकीला सगळं सांगितलं, एकही मिली न लपवता.

लेकीने सगळं शांतपणे ऐकलं. "सुरू करा," ती म्हणाली.

काकांनी किक मारली. रात्रभर उभी असल्याने आधी निळसर धुराचे दोन-तीन झुरके निघाले. हॉटेलवाल्याचा चेहरा उजळला. मग धूर विरला. लेकीने पर्समधून पांढरा रुमाल काढला, धुराड्याच्या मागे धरला आणि घड्याळाकडे बघत पूर्ण दोन मिनिटं वाकून उभी राहिली. रुमाल सरळ करून उजेडात बघितला. मग काकांना गल्लीच्या तीन फेऱ्या मारायला लावल्या, आणि मागच्या चाकावर बोट फिरवून तेच बोट रुमालाला पुसलं. फक्त धूळ.

"पास," लेक म्हणाली. मग सगळ्यांसमोर तिने काकांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. "पण बाबा, पुन्हा पडलात तर मीच ती गाडी उचलून हॉटेलात नेऊन ठेवीन."

हॉटेलवाल्याने टेप गुंडाळली. दिव्यांची माळ आणून ठेवलेली होती, त्याचं त्याला वाईट वाटत होतं. "मग काका, काचेमागे तुम्हीच येऊन बसता का?" त्याने विचारलं. काकू म्हणाल्या, "न्या हो, खुशाल न्या, पण तिथे मोजायला काहीतरी द्या."

सगळे हसत होते तेव्हा काकांना आठवलं, अजून एक गोष्ट उरली होती. ते कठड्यापाशी गेले आणि शेजारच्या बाईला म्हणाले, "पोरी, एक अडचण आहे. रविवारी सातला मला गाडी पाच मिनिटं सुरू करावीच लागणार. बाळाची झोपमोड होईल. तूच सांग, कोणती वेळ बरी?"

"आमच्या बाळाची?" ती म्हणाली. "काका, याच्या कानाशी भांड्यांची मांडणी कोसळली तरी हा उठत नाही. गेले दोन महिने मलाच प्रश्न पडलाय, रविवारची तुमची गाडी ऐकू का येत नाही? तुम्हाला कोण म्हणालं हा उठतो म्हणून?"

काका वळले. काकू तोवर कुंडीतली वाळकी पानं काढण्यात फार गुंतल्या होत्या. कुंडीत वाळकी पानं नव्हती.

"अगं?" काका म्हणाले.

काकूंनी हात झटकले. "बरं बाई. बाळाला नव्हतं झोपायचं, मला होतं."

शेजारच्या बाईने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"तीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात पहिली पाळी केली मी," काकू म्हणाल्या. रागाने नाही, हिशेब वाचून दाखवावा तशा. "साडेचारला उठायचे. आठवड्यात रविवार तेवढा एक. आणि रविवारी सातच्या ठोक्याला खिडकीखाली, उशाशी, धड धड धड धड."

"मग बोलली का नाहीस? चाळीस वर्षं?"

"काय बोलू? तुम्ही काय खुशीत असायचा त्या वेळी! खांद्यावर फडकं टाकून शीळ घालत. पट्टी बघून माझ्या खिडकीकडे बघून हसायचा, जसं काही मीच पास झाले. म्हटलं, जाऊ दे, आठवड्यातनं एकदा तर माणूस असा खुलतो. सोसलं. आता वय झालं, सोसवेना. म्हणून बाळाचं नाव पुढे केलं." मग त्यांचा आवाज खाली आला. "तेवढ्याने तुमची गाडी जायची वेळ येईल, तुम्ही पडाल, हे कुठे माहीत होतं मला? काल तुम्ही सांगितलंत तेव्हाच कळलं. रात्रभर डोळा लागला नाही."

गावातल्या प्रत्येक पेशंटला ज्यांनी 'म्हणून दाखवा' म्हटलं होतं, त्यांनी घरच्या माणसाला कधी साधं विचारलंसुद्धा नव्हतं. काकांचे ओठ हलत होते. लेकीला कळलं, बाबा मनात गुणाकार करतायत.

"दोन हजार ऐंशी," काका शेवटी म्हणाले. "दोन हजार ऐंशी रविवार मी तुला उठवलं."

"सहा वजा करा," काकू म्हणाल्या आणि आत चहा टाकायला गेल्या.

रविवारी काका साडेसहालाच उठले. त्यांनी पायात चपला घातल्या नाहीत. थोरलीला स्टँडवरून उतरवलं, न्यूट्रलमधे टाकलं आणि ढकलत बाहेर काढलं. त्या वयात ते वजन ढकलणं म्हणजे गंमत नव्हे. गल्ली संपते तिथे पाण्याच्या टाकीजवळ मोकळं मैदान आहे. दारापासून ते दोनशे अठरा पावलांवर आहे, हे सांगायला नकोच. तिथे त्यांनी गाडी सुरू केली, पाच मिनिटं चालू दिली, दोन मिनिटं थांबले, पट्टी पुसली आणि बघितली. मग तेवढीच पावलं ढकलत परत आणली.

घामाने ओलेचिंब झालेले काका दार न वाजवता आत शिरले आणि झोपायच्या खोलीच्या उंबऱ्यात थबकले. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि काकू झोपल्या होत्या. एक हात उशीखाली, तोंड जरासं उघडं, केस चेहऱ्यावर आलेले. एरवी रोज त्या यांच्या आधी उठत. रविवारी हे त्यांना उठवत. गेल्या सहा रविवारी काका अंगणात कोरड्या पट्टीकडे बघत बसले होते, आत डोकावायचं त्यांना सुचलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी आपल्या बायकोला उजेडात झोपलेलं आज पहिल्यांदा बघितलं. हातातलं तेलकट फडकं तसंच धरून ते भिंतीला टेकून उभे राहिले, आणि किती वेळ उभे होते ते त्यांनी मोजलं नाही.

"किती आहे?" काकूंनी डोळे न उघडता विचारलं.

"दोन रेघांच्या बरोबर मधे," काका कुजबुजले.

"बरं," काकू म्हणाल्या, आणि कूस बदलून परत झोपी गेल्या.